आधी निदान विचारा, मग मशीन

लग्नसराई जवळ आली की चेहऱ्याच्या जाहिरातींना ऊत येतो. ‘सहा सिटिंगच्या पॅकेजवर दोन मोफत’, ‘जेवणाच्या सुट्टीत या, दहा वर्षांनी तरुण होऊन जा’, ‘ऑफर रविवारपर्यंतच’. मोबाइलच्या पडद्यावर डावीकडे काळवंडलेला, दमलेला चेहरा आणि उजवीकडे तोच चेहरा उजळून निघालेला. नीट पाहिलं तर डावीकडच्या फोटोत उजेड डोक्यावरून पडलेला असतो, म्हणून प्रत्येक सुरकुतीखाली सावली. उजवीकडे उजेड समोरून, केस विंचरलेले, ओठांवर हसू. पण एवढं नीट पाहतो कोण?

चेहरा चांगला दिसावा असं वाटण्यात काही वावगं नाही. पन्नाशीतल्या बाईनं पापण्यांची शस्त्रक्रिया करून घेतली, किंवा साठीतल्या गृहस्थांनी गालावरचे डाग काढून घेतले, तर ‘या वयात कसली ही थेरं’ म्हणणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा. पैसा तुमचा, चेहरा तुमचा. सांगायचं आहे ते वेगळंच. उपाय निवडण्याआधी आपल्याला नेमकं काय झालंय, हे पात्र डॉक्टरकडून समजून घ्या. बाजारात हा क्रम उलटा असतो. तिथं मशीन आधी घेतलेलं असतं, त्याचे हप्ते चालू असतात आणि त्या मशीनला साजेसं गिऱ्हाईक शोधायचं काम सुरू असतं. तुम्ही ‘चेहऱ्यासाठी काहीतरी करायचंय’ म्हणत आत गेलात, की तुमचा चेहरा त्या मशीनच्या मापात बसवला जातो.

लेझर काय करतं आणि काय नाही

‘लेझर करून घेतलं’ असं आपण सरसकट म्हणतो, पण लेझर म्हणजे एकच एक यंत्र नव्हे. कुठल्या लेझरचा प्रकाश पाण्यात शोषला जातो, कुठला त्वचेतल्या रंगद्रव्यात, कुठला रक्ताच्या लालपणात. ज्यात शोषला जातो ते तापतं, बाकीचं शक्यतो शाबूत राहतं. अमेरिकेतल्या दोन त्वचातज्ज्ञांनी १९८३ साली हे तत्त्व मांडलं आणि आजची बहुतेक यंत्रं त्याच्यावरच चालतात. त्यामुळे वांग, मुरुमांचे खड्डे, नाकावरच्या लाल शिरा आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या या सगळ्यांवर एकच मशीन उत्तम, असं कुणी सांगितलं तर तिथून उठावं.

सुरकुत्या आणि खड्डे यांवरचा जुना आणि दणकट लेझर म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा. तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. हे गृहस्थ १९३८ साली आपल्या बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. या लेझरचा प्रकाश पाणी शोषून घेतं आणि त्वचेच्या पेशींत पाणीच जास्त. त्यामुळे वरचा थर क्षणात वाफ होऊन जातो, आणि खाली पोचलेल्या उष्णतेमुळे नवं कोलॅजन तयार व्हायला लागतं. सुरुवातीच्या काळात सबंध चेहऱ्याचा वरचा थर असा काढत. परिणाम ठळक दिसायचा, पण जखमही तेवढीच मोठी आणि लाली महिनोन्महिने राहायची. मग २००४ साली बोस्टनच्या संशोधकांनी फ्रॅक्शनल पद्धत मांडली. यात प्रकाशाचे अतिसूक्ष्म ठिपके पडतात आणि चाळणीच्या छिद्रांसारखे ते अलग अलग राहतात. मधली त्वचा निरोगी असल्यामुळे जखम लवकर भरते. आज मोठ्या क्लिनिकमध्ये बहुधा हीच पद्धत वापरतात.

यातून बारीक सुरकुत्या, मुरुमांचे खड्डे, उन्हानं आलेला खरखरीतपणा हे कमी होतं. कमी होतं, पुसलं जात नाही. कोलॅजन सावकाश तयार होतं, म्हणून खरा फरक तीन ते सहा महिन्यांनी कळतो. आठव्या दिवशी आरशात जो तजेला दिसतो तो बऱ्याच अंशी सुजेचा असतो. लोंबलेली कातडी, डोळ्यांखाली पुढे आलेली चरबी, पापणी उचलणाऱ्या स्नायूचा अशक्तपणा आणि कपाळाला आठ्या घालून घालून पडलेल्या खोल रेषा, यांवर लेझरचा उपयोग नगण्य. आणि कार्बनचं काळं लोशन फासून वरून लेझर मारतात त्या ‘कार्बन फेशियल’नं चेहरा चार दिवस तुकतुकीत दिसतो. समारंभापुरतं तेवढंच हवं असेल तर हरकत नाही, पण ‘याच्यानं सुरकुत्या जातील’ म्हणून पैसे भरू नका.

आपली सावळी कातडी

त्वचा उन्हात भाजते की काळवंडते यावरून तिचे सहा गट पाडतात. आपल्यापैकी बहुतेकजण चौथ्या किंवा पाचव्या गटात येतात. सावळ्या त्वचेला सुरकुत्या उशिरा पडतात, हे आपलं नशीब. पण तिच्या वरच्याच थरात मेलॅनिन भरपूर असतं, आणि लेझरचा प्रकाश खाली पोचण्याआधी तेच तापू शकतं. वर अशी त्वचा दुखावली की डाग धरते. डास चावून खाजवलं तरी काळा ठिपका महिनाभर राहतो, हे आपण पाहतोच. लेझरची ताकद एक पायरी जास्त झाली तर तोच प्रकार सगळ्या गालावर होतो. हे डाग बहुधा ओसरतात, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षही. गोऱ्या कातडीसाठी ठरवलेली यंत्राची मापं आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. हे ओळखून ताकद कमी ठेवणारा आणि दोन सिटिंगमध्ये पुरेसं अंतर सोडणारा डॉक्टर हवा.

वांगाबद्दल तर विशेष सांभाळा. गालांवर आणि कपाळावर येणारे हे तपकिरी पट्टे गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांनी, उन्हानं, घराण्याच्या वारशानं येतात. लेझरनं ते सुरुवातीला फिके होतात आणि पुष्कळदा परत येतात, कधी आधीपेक्षा गडद होऊन. त्यामुळे वांगावर पहिला उपाय म्हणजे उन्हापासून बचाव आणि डॉक्टरनं लिहून दिलेलं मलम. लेझरचा विचार अगदी शेवटी, तोही जपून. पहिल्याच भेटीत ‘वांग आहे, लेझरनं उडवून टाकू’ म्हणणारा माणूस घाई करतोय असं समजा.

मलमावरून आणखी एक. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं ‘गोरं करणारं’ क्रीम लावत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका, ट्यूबच घेऊन जा. त्यातल्या कित्येकांत स्टिरॉइड असतं. आठवडाभर चेहरा छान दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, उन्हात चुरचुरते, बारीक केस उगवतात. अशा त्वचेवर लेझर म्हणजे दुखण्यावर डागणी. आधी ते क्रीम डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावं लागतं, त्वचा सावरावी लागते, मग पुढचं.

सिटिंगच्या आधी आणि नंतर

डॉक्टरांनी न विचारताही सांगायच्या गोष्टी अशा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत किंवा गेल्या काही महिन्यांत घेतल्या आहेत का. ओठांवर तापाचं पुरळ उठतं का. उठत असेल तर आधी विषाणूरोधक गोळ्या द्याव्या लागतात, नाहीतर सोललेल्या चेहऱ्यावर हर्पिस पसरतो. जुनी जखम भरताना जाड, उंच गाठ होते का. गरोदर आहात का, मधुमेह आहे का, नुकतंच उन्हात फिरून चेहरा रापलाय का. रापलेल्या चेहऱ्यावर लेझर करू नये. एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी किंवा दिवसभर शेतात असणाऱ्यांनी सरळ हिवाळ्यापर्यंत थांबावं.

आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला लहानशा जागी चाचणी करून घ्या आणि काही आठवडे थांबा. डाग उठायचा असेल तर तिथं उठेल, गालावर तरी उठणार नाही. लेझर डोळ्यांजवळ चालणार असेल तर तुमच्या डोळ्यांवर काय ठेवणार, हे विचारा. पापणीवरच काम असेल तर डोळ्यात बुबुळावर बसणारी धातूची ढाल घालावी लागते. नुसता पट्टीचा गॉगल तिथं पुरत नाही.

बधीर करणारं मलम घरी लावून येऊ नका. अमेरिकेत पायांवरचे केस लेझरनं काढण्याआधी दोन तरुणींनी असं मलम जाड लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलं. औषध रक्तात भिनलं आणि दोघींचा जीव गेला. २००७ साली तिथल्या औषध प्रशासनानं त्यावर जाहीर इशारा दिला. मलम किती, कितपत जागेवर आणि किती वेळ लावायचं, हे डॉक्टरांसमोरच ठरावं.

फ्रॅक्शनल लेझरनंतर पहिल्या दिवशी चेहरा मिरची लावल्यासारखा चुरचुरतो, लाल होतो, सुजतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तो तपकिरी आणि खरखरीत लागायला लागतो. जवळून पाहिलं तर बारीक ठिपक्यांची जाळी दिसते आणि साधारण आठवड्याभरात ती कोंड्यासारखी गळते. नखानं काढायची नाही. या दिवसांत हळद, लिंबू, कोरफड, डाळीचं पीठ, आजीचं उटणं, सगळं कपाटात. सांगितलेलं मलम, साधं पाणी आणि नंतर सनस्क्रीन, बस्स. सनस्क्रीन किमान तीस एसपीएफचं, आणि बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांगाची प्रवृत्ती असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन मागा. पुण्यातल्या मुली स्कूटरवर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं गुंडाळतात, त्याला लोक हसतात, पण लेझरनंतरच्या महिन्यात तो स्कार्फ तुम्हीही बांधा. आणि वेदना वाढत चालल्या, पू दिसला, पाण्याचे फोड आले, ताप आला, तर व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका, जाऊन दाखवा.

लग्न घरात असेल तर पहिली सिटिंग निदान चार-सहा महिने आधी व्हायला हवी. हळदीला पंधरा दिवस उरलेत म्हणून कधी न केलेला उपचार करून घेणं, हा जुगार आहे.

पापणी जड झाली म्हणजे काय झालं?

‘डोळे झोपाळलेले दिसतात’ या एका तक्रारीमागे तीन-चार निरनिराळी कारणं असतात आणि प्रत्येकाची शस्त्रक्रिया वेगळी. घरी एवढं करून पाहा. आरशासमोर बसा, कपाळ सैल सोडा, भुवया बोटानं हलकेच दाबून धरा म्हणजे त्या वर चढणार नाहीत. आता पाहा. पापणीची कड जागच्या जागी आहे पण वरून कातडीची घडी केसांवर येऊन टेकलीय? मग जादा कातडीचा प्रश्न. पापणीची कडच खाली येऊन डोळ्याची बाहुली झाकतेय? मग पापणी उचलणारा स्नायू सैल झालाय आणि नुसती कातडी कापून भागणार नाही. भुवईच खाली सरकलीय? मग दोष भुवईचा. तिशीतला एखादा पासपोर्ट फोटो शोधून शेजारी धरा. डॉक्टरकडे जाताना तो न्या. ‘तेव्हाही अशाच होत्या’ हे कळलं तरी पुष्कळ कळलं.

काही वेळा पापणी म्हणजे नुसता निरोप्या असतो. सकाळी ठीक आणि संध्याकाळपर्यंत पापणी मिटायला लागते, गिळायला किंवा चावायला त्रास होतो, तर तो मायस्थेनिया हा स्नायूंचा आजार असू शकतो. डोळे बाहेर आल्यासारखे वाटत असतील तर थायरॉइड तपासा. पापण्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यात पिवळट चपटे चट्टे आले असतील तर ते काढण्याआधी कोलेस्टेरॉल तपासा. अशा जवळजवळ निम्म्या लोकांत ते बिघडलेलं सापडतं. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज आणि पायांवरही सूज असेल तर आधी फिजिशियन. आणि एका बाजूची पापणी एक-दोन दिवसांत अचानक पडली, एकाचे दोन दिसायला लागले, डोकं ठणकतंय, त्या डोळ्याची बाहुली मोठी दिसतेय, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा असं लक्षण दाखवू शकतो.

डोळ्यांखालची काळी वर्तुळं एकाच कारणानं येतात, हा आणखी एक गैरसमज. कुठं ती रंगद्रव्याची असतात, कुठं पातळ कातडीतून दिसणाऱ्या शिरांची, कुठं डोळ्यांखालच्या खोलगटीची सावली, कुठं ॲलर्जीमुळे डोळे सारखे चोळल्याची. डोळ्यांखालची चरबीची पिशवी काढल्यानं सावली जाते, रंग जात नाही. हे आधी न सांगता ऑपरेशन झालं की माणूस म्हणतो, पैसे पाण्यात गेले.

ऑपरेशनच्या टेबलावर

वरच्या पापणीची शस्त्रक्रिया बहुधा तेवढी जागा बधीर करून होते आणि तास-दीड तासात आटपते. त्यातला मोलाचा भाग चाकू लावण्याआधी होतो. तुम्हाला ताठ बसवून सर्जन पेननं पापणीवर रेघा काढतो, चिमट्यानं कातडी हलकेच धरतो आणि डोळा नीट मिटतोय ना ते पाहतो. भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत साधारण वीस मिलिमीटर कातडी शिल्लक राहिली पाहिजे. त्याहून जास्त कापली तर झोपेतही डोळा पुरता मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं आणि त्यावर जखम होऊ शकते. म्हणून ‘डॉक्टर, थोडी आणखी काढा’ असा आग्रह धरू नका. कमी निघालेली कातडी पुढे काढता येते, जास्त निघालेली परत आणणं फार अवघड. खालच्या पापणीत पिशवीची चरबी पापणीच्या आतल्या बाजूनंही काढता किंवा पसरवता येते. बाहेरून जास्त कातडी काढली तर पापणी खाली ओढली जाते आणि डोळ्यातून सतत पाणी गळतं.

आधी कोरड्या डोळ्यांची तपासणी हवी. लॅसिक नुकतंच झालं असेल तर काही महिने थांबावं लागतं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन घेत असाल तर सांगा, पण मनानं बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरला विचारूनच ठरवा. फिश ऑइल, लसणाच्या गोळ्या, काढे, चूर्णं हीसुद्धा औषधांच्या यादीत लिहा. सिगारेट, तंबाखू आणि मिश्री सोडा, जखम भरायला त्यांचा अडथळा होतो.

नंतर पहिले दोन दिवस उशाला दोन उश्या आणि थंड शेक. टाके पाच-सात दिवसांनी निघतात. काळं-निळं पडलेलं ओसरायला एक-दोन आठवडे लागतात, पूर्ण आकार दिसायला दोन-तीन महिने. पहिले दोन आठवडे कपालभाती नको, सूर्यनमस्कार नकोत, वाकून जड उचलणं नको. काजळ, आयलायनर आणि कॉन्टॅक्ट लेन्स डॉक्टर म्हणतील तेव्हाच.

एक धोका क्वचितचा, पण ठाऊक असायलाच हवा. साधारण दोन हजारांत एखाद्याला डोळ्यामागे रक्तस्राव होतो. दाब वाढून डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटला तर तास-दोन तासांत दृष्टी कायमची जाऊ शकते. तितकं टोकाचं फार थोड्यांत होतं, कारण वेळेत टाके उघडून रक्त मोकळं केलं तर डोळा वाचतो. डोळ्यात असह्य ठणका, पापणी दगडासारखी घट्ट, डोळा पुढे ढकलल्यासारखा, दिसणं अंधूक: यातलं काहीही झालं तर पेनकिलर घेऊन पहाटेची वाट पाहू नका. हा धोका पहिल्या चोवीस तासांत जास्त, म्हणून गावाहून पुण्या-मुंबईला ऑपरेशनसाठी आलात तर त्याच रात्रीच्या एसटीनं परत निघू नका. रुग्णालयाजवळ मुक्काम करा, रात्री उचलला जाईल असा फोन नंबर घ्या आणि सोबतच्या माणसाला ही लक्षणं पाठ करून ठेवायला सांगा.

कुणाच्या हाती आणि कुठल्या कागदावर

लेझरसाठी त्वचारोगातली पदव्युत्तर पदवी किंवा पदविका असलेला डॉक्टर, किंवा प्लास्टिक सर्जन. पापणीसाठी प्लास्टिक सर्जन किंवा ऑक्युलोप्लास्टी शिकलेला नेत्रतज्ज्ञ. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी कुणीही लावू शकतो. काही आठवड्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर चकचकीत दिसतं, पण त्यानं कुणी डॉक्टर होत नाही. महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. नंबर विचारा, तपासा. विचारल्याचा राग येणाऱ्याकडे परत जाऊ नका. आणि लेझरचं हँडपीस स्वतः डॉक्टर धरणार की मदतनीस, हेही विचारा.

पैशांचं आधी कागदावर घ्या: किती सिटिंग, दर किती, डाग पडले तर पुढचा उपचार कुणाच्या खर्चानं, मधेच थांबलो तर परतावा काय. पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका. पहिल्या सिटिंगचा निकाल पाहून पुढचं. रीतसर बिल मागा. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर जीएसटी लागतो, त्यामुळे ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे वाक्य ऐकायला मिळतं. बिल नसेल तर उद्या तक्रारीला आधार नाही. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीचा खर्च वगळलेला असतो. पापणीमुळे दिसण्यातच अडथळा येत असेल तर नजरेचा आवाका मोजणाऱ्या फील्ड टेस्टचा अहवाल आणि फोटो जोडून ऑपरेशनआधीच विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

संमतिपत्र आदल्या दिवशी घरी न्या आणि वाचा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच स्पष्ट केलंय. एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्याला चालत नाही, हे २००८ साली. ‘झोपलाच होता, म्हणून कपाळाला बोटॉक्सही देऊन टाकलं’ हे त्यात बसत नाही. ग्राहक आयोगाकडे साधारण दोन वर्षांच्या आत जावं लागतं, म्हणून चिठ्ठ्या, बिलं, आधीचे फोटो जपून ठेवा.

विशीतल्या मुलामुलींना एक वेगळं सांगणं. मोबाइलचा पुढचा कॅमेरा जवळून धरला की नाक मोठं आणि डोळे लहान दिसतात, आणि फिल्टर लावलेला चेहरा कुणाचाच नसतो. तो फोटो घेऊन ‘मला असं करा’ म्हणायला गेलात तर चांगला डॉक्टर तुम्हाला परत पाठवील. त्याचा राग मानू नका, त्याची फी वसूल झाली असं समजा.

तेव्हा या आठवड्यात कुठं चौकशीला जाणार असाल तर तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. मला नेमकं काय झालंय? काहीच केलं नाही तर काय होईल? आणि तुमच्याकडे हे मशीन नसतं तर तुम्ही मला काय सुचवलं असतं? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर घरी या, दोन दिवस विचार करा आणि मग तारीख घ्या. एकाचंही उत्तर टाळून समोर पॅकेजचं कार्ड आलं, तर नमस्कार करून बाहेर पडा. ऑफर पुढच्या रविवारीही असते.